पात्याच्या पाठीवरचा गेरू

४ फेब्रुवारी

वन्सं,

माझं अक्षर ओळखून तुम्ही पाकीट न उघडताच बाजूला ठेवाल, म्हणून मुद्दाम पाकिटाच्या मागेच लिहिलंय : दादांचं खरं ठरलं. पोस्टमनने वाचलं असेल तर वाचू दे.

आता सविस्तर. ह्यांनी टेकडीवर खणून काढलेल्या, अश्मयुगातल्या गारगोटीच्या पात्यांची ती ताटली संग्रहालयाने तपासायला नेली होती. तिथे एक नवीन बाई आल्या आहेत. मला मुलगी असती तर साधारण त्यांच्याएवढी असती. गळ्यात सतत भिंग लटकलेलं. मी मनात त्यांना भिंगवाली म्हणते, आणि एकदा चुकून तोंडावरही म्हटलं, तर हसल्या. त्यांनी यंत्र लावून पाहिलं. पात्यांच्या पाठीवर, म्हणजे धारेच्या उलट बाजूला, जिथे पातं लाकडी दांड्यात बसतं तिथे, गेरू आहे. तोही त्याच टेकडीतला, आणि राळेत कालवलेला. म्हणजे हे जन्मभर जे सांगत आले तेच. त्या जुन्या माणसांनी राळ आणि गेरू एकत्र करून चिकटवण बनवलं आणि त्याने पाती दांड्याला घट्ट बसवली. तुमचं म्हणणं होतं की हा नुसता तांबड्या मातीचा डाग आहे, पाण्याबरोबर दगडात मुरलेला, आणि तो सगळ्या अंगावर आहे, दादाला तेवढा पाठीवरचाच दिसतो. ते आता राहिलं नाही.

तीन वर्षांपूर्वी ह्यांच्या शोकसभेत तुम्ही उभं राहून म्हणालात, “माझा दादा डोळ्यांनी कमी आणि मनाने जास्त बघायचा.” लोक हसले. प्रेमाने हसले असतील. पण शेवटची दोन वर्षं ह्यांना डोळ्यांनी जवळजवळ काहीच दिसत नव्हतं, वन्सं. मी वाचून दाखवायची, ते सांगायचे, मी उतरवून घ्यायची. पहिल्या रांगेत बसून मी ते हसणं ऐकलं. त्यानंतर तुमची आलेली पत्रं मी उघडली नाहीत, हे तुम्हाला समजलंच असेल.

जाहीर बोलला होतात, आता जाहीर बोला. मे महिन्यात तुमच्या पुरातत्त्व मंडळाची सभा असते, मला ठाऊक आहे.

भिंगवालींनी विचारलं होतं, पाती कधी धुतली होती का म्हणून. मी सांगितलं, ह्यांनी ताटलीजवळ पाण्याचा पेलासुद्धा कधी ठेवू दिला नाही. हे अगदी खरं आहे.

बाकी ठीक. कुंड्या रंगवायला घेतल्या आहेत, त्यामुळे नखं लाल झालीत. कागदाला कुठे डाग दिसला तर तो त्याचा. लोभ असावा असं लिहायची सवय मोडली आहे, तेव्हा नुसतीच,

तुमची वहिनी


१ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र आलं. मी भांडायच्या तयारीने चष्मा पुसून बसले होते. दोन मुद्दे तर आधीच कागदावर काढून ठेवले होते. आणि तुम्ही लिहिलंत, “वहिनी, वाचून मी रडले. आनंदाने.”

तुम्ही लिहिता, मेमध्ये सभेत उभी राहीन आणि सगळ्यांसमोर सांगेन की माझं चुकलं. मुलं तुमचं जे पुस्तक वापरतात त्यातलं टेकडीवरचं प्रकरणही काढून टाकणार म्हणता. इतकी घाई कशाला? एका ताटलीवरून आख्खं प्रकरण काढायचं म्हणजे फार झालं. हे स्वतःच म्हणायचे की दगडाला घाई नसते, घाई आपल्याला असते. मी मागच्या पत्रात जरा तोंड सोडलं होतं. ते तेवढं मनावर घेऊ नका.

दादाला दिसत नव्हतं हे तुम्हाला माझ्या पत्रातूनच पहिल्यांदा कळलं, असं लिहिलंत. कळवायचं राहून गेलं असेल. घरात आजारपण असलं की किती गोष्टी राहतात.

परवा संग्रहालयातून दोघं आले होते, भिंगवाली आणि भांडारपाल. हे तेच भांडारपाल, ज्यांना खुर्चीवरून उठवण्यापेक्षा टेकडी खणणं सोपं असं हे म्हणायचे. घरी आले तरी आधी खुर्ची शोधली.

भिंगवाली म्हणाल्या, “काकू, उरलेल्या दोन ताटल्याही द्या ना. तुलना करायला बऱ्या.”

मी म्हटलं, “पसारा झालाय हो घरात. सापडत नाहीत.”

भांडारपाल म्हणाले, “साहेबांच्या घरात पसारा? अहो, ह्यांच्याकडे मिठाच्या बरणीलासुद्धा क्रमांक असायचा. मी पाहिलाय.”

“तो मीठ आणि साखर वेगळं ओळखावं म्हणून,” मी म्हटलं. “डोळे नव्हते त्यांना.”

मला त्यांना गप्पच करायचं होतं. चहा पिऊन गेले. ताटल्या पलंगाखालीच आहेत, जिथे नेहमी असतात.

तुम्हाला आठवत असेल, पाठीवर लाल असलेली पाती हे त्या एकाच ताटलीत वेगळी काढून ठेवायचे. बाकीच्या दोन ताटल्यांत तसलं काही नाही. म्हणजे त्या नेऊन त्यांना काय मिळणार होतं? एवढ्यासाठीच दिल्या नाहीत.

सभेचं जरा थांबा, एवढंच सांगायचं होतं.

वहिनी


२० मार्च

वन्सं,

तुम्ही भाषणाचा कच्चा कागद पाठवलात. वाचला. “भावाने मला दगड हातात धरायला शिकवलं आणि मी त्याच्याच डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही,” ही ओळ खोडा. सगळंच खोडा. हे भाषण करू नका.

तुम्ही त्यांचा फोटो मागितलात, सभेत लावायला. पाठवत नाही.

का, ते लिहायला बसले होते. तीन कागद फाडले. उद्या-परवा पुन्हा बसते.

वहिनी


२३ मार्च

वन्सं,

आता लिहिते. मध्ये उठणार नाही असं ठरवलंय.

ताटली न्यायला येते असं भिंगवालींनी आधीच कळवलं होतं. त्या आठवड्यात मी ह्यांचं मोठं भिंग घेऊन खिडकीशी बसले आणि एकेक पातं बघितलं. इतकी वर्षं त्या पात्यांवरची धूळ झटकली, त्यांच्यावर ह्यांनी सांगितलेली पानंच्या पानं उतरवली, पण स्वतः भिंगातून कधी नीट पाहिलं नव्हतं. नवीन पेटी आली की हे ‘पाहुणे आले’ म्हणून आरोळी द्यायचे, आणि मी कुरकुरत टेबल रिकामं करायची. पाहुण्यांचं तोंड काही बघितलं नाही.

बघितलं तेव्हा दिसलं ते असं. काही पात्यांवर लाल रंग सगळ्या अंगावर होता, अगदी तुम्ही म्हणता तसा. काहींवर पाठीकडे जरा जास्त होता. जरा. भिंगवालींना एवढ्यावर पटेल का, असं मनात आलं, आणि तिथेच मी घसरले.

दुपार होती, लख्ख उजेड होता. ओटा पुसून वर्तमानपत्र पसरलं. ह्यांच्या कपाटात त्याच टेकडीवरचा गेरूचा खडा होता, विद्यार्थ्यांना घासून दाखवायचे तो. तोच घेतला. गेरू कुठल्या जागेचा आहे हे यंत्राला कळतं असं पुस्तकात वाचलं होतं, म्हणून बाजारातला आणला नाही. राळ त्यांच्याच खणात होती. वाटीत ऊन करून त्यात गेरू कालवला, टाचणीच्या टोकाने पात्यांच्या पाठीला लावला, फडक्याने पुसून पातळ केला, वरून ताटलीच्या तळाची धूळ चोळली. धूळ चोळायचं कुठल्या पुस्तकात नव्हतं, ते माझं डोकं.

शाळा मी चौथीत सोडली. ह्यांची परभाषेतली पुस्तकं शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायला शिकले, तेव्हा हे चार लोकांत कौतुकाने सांगायचे, “आमच्या घरात खरा विद्यार्थी एकच.” त्या विद्यार्थ्याने सगळ्या वाचनाचा उपयोग केला तो हा.

सर्वांत जास्त लाज कशाची वाटते सांगू? माझे हात थरथरले नाहीत. काम झाल्यावर मी जरा मागे सरकून बघितलं, भाजी चांगली उतरली का ते बघतो तसं, आणि मला बरं वाटलं. जमलं, असं वाटलं.

नखं लाल होती ती कुंड्यांमुळे नव्हे. माझ्याकडे कुंड्या नाहीत.

आता तुम्ही माझ्यासाठी सगळ्यांसमोर मान खाली घालणार. पहिलं पत्र लिहिताना मला तेच हवं होतं, हेही लिहून ठेवते. तुम्ही भांडला असतात तर मी हे कधीच सांगितलं नसतं. तुम्ही रडलात, म्हणून सांगावं लागतंय.

उत्तर नाही आलं तरी चालेल.

वहिनी


९ एप्रिल

वन्सं,

तुमचं उत्तर मी उभ्यानेच वाचलं. तुमचे शब्द इथे पुन्हा लिहिते, म्हणजे मी त्यांना काय उत्तर देतेय ते माझ्या डोळ्यांसमोर राहील.

“वहिनी, तुमचं पत्र मी फाडलं. तुम्ही ते लिहिलंच नाही असं समजते. दादाचं नाव लागलंय, ते लागू दे. तुम्ही सांगत सुटलात तर लोक काय म्हणतील? बायकोने हे केलं, तर नवऱ्याने काय काय केलं असेल! त्याच्या सगळ्या कामावर पाणी पडेल. टेकडी तर आता खडीसाठी फोडून संपली, पुन्हा खणून दाखवायचीही सोय नाही. मी मान खाली घालणार आहे. माझी मान आहे, तुम्ही तिची काळजी करू नका.”

खोटं कशाला बोलू, वाचून मला सुटल्यासारखं झालं. दोन दिवस मी चांगली जेवले. ह्यांच्या खुर्चीवर बसले, जी मी एरवी पुसून नुसती सरळ करून ठेवते. तुमच्या शब्दांना मी मनातून होकार दिला होता, हे तुम्हाला कळायला हवं.

मग भिंगवाली आल्या. काम काहीच नव्हतं, नुसत्या आनंदाने आल्या होत्या. त्या आता ह्या पात्यांवर मोठा लेख लिहिताहेत.

“काकू,” म्हणाल्या, “दुसऱ्या एका डोंगरावरची पाती आम्ही मातीचा डाग म्हणून बाजूला टाकली होती. ती आता परत काढणार. सगळ्यांनाच आपापल्या पेट्या परत उघडाव्या लागणार, बघा! साहेब असायला हवे होते.”

मी म्हटलं, “हो.”

“तुम्हाला आनंद नाही झाला?”

“झाला ना. वयामुळे चेहऱ्यावर यायला वेळ लागतो.”

त्या खूप हसल्या आणि जाताना मला जवळ घेतलं. वन्सं, मी आपली ह्यांच्या एका ताटलीपुरता विचार केला होता. ते खोटं ताटलीतून उतरून दुसऱ्यांच्या पेट्यांपर्यंत चालत जाईल, हे मला सुचलंच नाही. एवढी पुस्तकं वाचूनही नाही सुचलं.

आणखी एक आहे. हे तुम्ही फाडू नका.

जायच्या थोडे महिने आधी हे खिडकीशी बसून त्यातलंच एक पातं बोटांनी चाचपत होते. म्हणाले, “धाकटीला बोलावून घेऊ या. तिच्या डोळ्यांनी पुन्हा एकदा बघू.” मी म्हटलं, “ती तिचंच खरं करील.” तर म्हणाले, “करू दे की. तिचं बरोबर निघालं तर बरंच झालं. मला आता तितकी खात्री नाही.” आणि हसले, अगदी हलके होऊन हसले.

मी म्हटलं, “बघू.”

बोलावलं नाही. तुमचे डोळे मागायला तुम्हाला बोलवायचं, तर ह्यांचे गेले हेही कळवावं लागलं असतं. ते राहून गेलं असं मी लिहिलं होतं. राहून गेलं नव्हतं. तुम्ही आलात की तुम्ही दोघं टेबलाशी बसून दगडांवर बोलत राहता, एकमेकांची वाक्यं पुरी करता, आणि मी चहा आणून ठेवते. तो निवतो, मी पुन्हा करून आणते. थोडेच दिवस उरलेत हे मला दिसत होतं. मला ते वाटून घ्यायचे नव्हते.

म्हणजे शोकसभेत तुम्ही जे बोललात, ते तुम्हाला काही माहीत नव्हतं म्हणून बोललात, आणि माहीत नव्हतं ते माझ्यामुळे. तरी इतकी वर्षं रुसून बसले मीच.

ते हरायला तयार होते, वन्सं. मी नव्हते.

म्हणून उद्या संग्रहालयात जातेय. लोक ह्यांच्याबद्दल काय म्हणतील ते तुम्ही लिहिलंत, ते सगळं म्हणतील, याची मलाही भीती आहे. पण ते गप्प बसून वाचवायचं म्हटलं, तर जे नाव वाचेल ते त्यांचं उरणार नाही, माझ्या हातचं होईल. आणि तुमची मान तुमची असली, तरी ती माझ्यापायी खाली जायला नको.

वहिनी


२६ एप्रिल

वन्सं,

जाऊन आले, त्याला आता बरेच दिवस झाले. लिहायला हात होत नव्हता.

उरलेल्या दोन्ही ताटल्या पिशवीत घालून नेल्या. भिंगवाली लांब टेबलाशी काम करत होत्या. “अय्या, सापडल्या का? बसा ना काकू.” मी म्हटलं, “आधी ऐका, मग बसा म्हणायचं की नाही ते ठरवा.” उभ्यानेच सांगितलं. पाठ केल्यासारखं, खाली टेबलाच्या कडेकडे बघत. संपलं तेव्हा भांडारपाल आपल्या खुर्चीवरून उठले आणि ती माझ्याकडे सरकवली. हे ह्यांना सांगायला हवं, असं माझ्या मनात आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा उठले, हे ह्यांना सांगायला हवं. मग मात्र मला बसावंच लागलं.

भिंगवाली ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ती ताटली आणून माझ्यासमोर ठेवली आणि विचारलं, “कुठली पाती?”

मी एक उचललं. “हे.”

“नक्की?”

“हे असावं.”

“असावं?”

दुसरं उचललं, तिसरं उचललं. वन्सं, मला ओळखता येईना. मीच लावलेला रंग, माझ्याच ओट्यावर बसून, आणि माझा कुठला नि आधीचा कुठला ते मलाच सांगता येईना. धूळ चोळून इतकं चांगलं काम केलं होतं मी.

त्यांनी एक पातं भिंगाखाली धरलं आणि मला बघायला लावलं. राळेत निळा धागा अडकला होता, केसाहून बारीक. माझ्या फडक्याचा. “हा मला पहिल्याच दिवशी दिसला होता,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, आमच्याच हातमोज्याचा. माझ्या हातून पात्यांना घाण लागली म्हणून मी स्वतःवरच चिडले होते, काकू. दोन रात्री झोपले नव्हते.”

मी भिंगावरून डोळे काढले.

“पुढच्या तपासणीत राळ किती जुनी आहे ते कळणारच होतं. थोडं थांबला असतात, तर मीच तुमच्या दारात आले असते.”

“बरं झालं, त्याच्या आधी आले.”

“बरं काय त्यात?” इतकंच म्हणाल्या. आवाज चढला नाही.

मग विचारलं, “सगळ्यांना लावायची काय गरज होती? थोडी तरी तशीच ठेवायची.”

“सगळ्यांना नाही लावलं,” मी म्हटलं. “ज्यांच्या पाठीवर आधीच थोडं होतं, त्यांनाच लावलं. उठून दिसावं म्हणून.”

त्यांनी गळ्यातलं भिंग काढून टेबलावर ठेवलं. “म्हणजे जी काही सांगू शकली असती, नेमकी तीच,” एवढं म्हणाल्या आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

तोपर्यंत मी समजत होते, की खोटं बोलले, आता खरं सांगितलं, म्हणजे गोष्ट पूर्वीच्या जागी जाईल. मी विचारलं, वरचं हलक्या हाताने काढता येणार नाही का? तर म्हणाल्या, “वरचं काढताना खालचंही निघेल. आणि खाली काही होतं का, तेच तर बघायचं होतं.” म्हणजे हे बरोबर होते की तुम्ही, ते ह्या पात्यांना आता कधीच विचारता येणार नाही. टेकडी लोकांनी फोडली, आणि टेकडीतलं जे वाचलं होतं ते मी.

मग तुम्ही जो प्रश्न येईल म्हणाला होतात तो आला. भांडारपालांनी विचारला, आणि विचारताना बिचारे स्वतःच कानकोंडे झाले होते. “म्हणजे… साहेबांनीसुद्धा कधी असं…?”

“नाही,” मी म्हटलं. “लिहून देते.”

त्यांनी ताटलीत ठेवायचं जाड कार्ड दिलं. मी लिहिलं, ‘ह्या ताटलीतल्या काही पात्यांना उत्खनन करणाऱ्याच्या पत्नीने गेरू लावला. त्यात त्याचा हात नाही. अभ्यासासाठी वापरू नयेत.’ भांडारपालांनी वाचलं आणि म्हणाले, “‘पत्नीने’ नको. उद्या कुणी म्हणेल, ते हयात असताना केलं. ‘विधवेने’ लिहा.”

बरोबर होतं त्यांचं. ‘पत्नीने’ खोडलं, ‘विधवेने’ लिहिलं. तीन वर्षं झाली, पण तो शब्द मी स्वतःच्या हाताने कधी लिहिला नव्हता. पहिल्यांदा लिहिला तो असल्या कार्डावर.

भिंगवाली दारापर्यंत सोडायला आल्या नाहीत. यावं असं मला वाटतही नव्हतं. त्यांचा लेख अर्ध्यावर होता.

सभेत काय बोलायचं ते आता तुम्ही ठरवा. मी काही सुचवणार नाही.

वहिनी


१९ मे

वन्सं,

तुमचं पत्र काल मिळालं. सभेत उभं राहून तुम्ही सगळं सांगितलंत, माझं नातं सांगून सांगितलंत, आणि टेकडीचा प्रश्न आता सुटणार नाही असंही सांगितलंत. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, मग त्यांच्या बाकीच्या कामाचं काय धरायचं? तुम्ही म्हणालात, “उघडून बघा. प्रत्येक पेटी उघडून बघा. माझा भाऊ नाही म्हणाला नसता.” लोक हसले नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. सगळे तुमच्याशी नीट बोलले, काही जण बोललेच नाहीत, हेही लिहिलंय. ते लपवलं नाहीत, बरं केलंत. ह्यांच्या दोन जुन्या विद्यार्थ्यांनी मला पत्रं पाठवली आहेत. एकाने चांगलं लिहिलंय. दुसऱ्याचं मी पूर्ण वाचलं, दोनदा वाचलं.

मी येऊ का, असं विचारलंत. या. चहा निवला तर निवला, दोघी निवलेलाच पिऊ.

आणि पत्राच्या शेवटी, सहज विचारल्यासारखं तुम्ही विचारलंत, की माझा हात लागायच्या आधी पाठीवर खरंच काही होतं का.

एक पातं होतं, वन्सं. करंगळीच्या नखाहून थोडं मोठं, दुधी रंगाचं. त्याच्या पाठीवर लाल रेघ होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि धारेच्या बाजूला ठिपकासुद्धा नव्हता. रेघेत काहीतरी चमकत होतं, राळेचा कण असावा तसं. मी ते भिंगाखाली धरून पुष्कळ वेळ बसले होते. मग त्यालाही लावलं.

आता आठवते तेव्हा ती रेघ दर वेळी आधीपेक्षा जास्त स्पष्ट दिसते, आणि म्हणूनच मला तिची खात्री देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून फक्त तुम्हाला सांगितलं. हे कुठे लिहू नका, साक्ष म्हणून धरू नका. माझ्या सांगण्यावर कुणी काही धरावं अशी मी आता राहिले नाही.

ते पातं त्याच ताटलीत आहे. इतरांसारखंच लाल.

तुमची,
वहिनी